हॉटेलचं कॉन्डो झालं, पण घर झालं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं घर विकून निवृत्त होणारं एक जोडपं फ्लोरिडात समुद्राजवळ ४२० चौरस फुटांचा स्टुडिओ घ्यायच्या विचारात आहे. इमारत इतकी वर्षं हॉटेल होती. आता डेव्हलपर खोल्या एकेक करून कॉन्डो (प्रत्येकाच्या स्वतंत्र मालकीचा फ्लॅट) म्हणून विकतो आहे, खालचं रिसेप्शन मात्र तसंच चालू राहणार. दोघांनी वर्षातले आठ-नऊ महिने तिथे राहायचं, उरलेले भारतात काढायचे आणि तेवढ्या काळात खोली हॉटेललाच भाड्याने चालवायला द्यायची, असा बेत आहे. एजंटने दोन गोष्टी सांगितल्या. काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदीत 'रेसिडेन्शियल कॉन्डोमिनियम' लिहिलंय, म्हणजे राहायला अडचण नाही. आणि होमस्टेड (स्वतःच्या कायमच्या राहत्या घराला मिळणारी कर-सवलत) घेतलं की कर निम्मा होतो. हे खरं आहे का?

पहिलं विधान चुकीच्या कागदावरून केलेलं आहे. दुसरं हिशेबात बसत नाही, आणि तुमच्या बेतातला 'खोली भाड्याने' हा भाग तर त्याच्या मुळावरच येतो.

मी गेली २२ वर्षं क्लोजिंगची (घर-खरेदीच्या शेवटच्या सह्यांची) कागदपत्रं तपासते आणि प्रॉपर्टी टॅक्सची अपिलं लढवते. हॉटेल-कॉन्डोच्या ज्या भानगडी माझ्या टेबलावर आल्या, त्यातल्या बहुतेकींचं मूळ एकच होतं. टॅक्सच्या कागदावर 'निवासी' दिसलं की लोकांना वाटतं आपल्याला राहायचा हक्क आहे. किंवा उलट, आपण राहतोय ना, मग कर घराचाच लागेल, असं ते धरून चालतात. या दोन गोष्टी दोन वेगळ्या कचेऱ्यांत, दोन वेगळ्या कायद्यांखाली ठरतात. कर लावणारा माणूस राहण्याची परवानगी देत नाही, आणि परवानगी देणाऱ्याला तुमच्या कराशी काही देणंघेणं नसतं.

आधी राहण्याचं बघू, कारण तिथे अडलं तर पुढचा हिशेब करायची गरजच नाही.

हॉटेलची कॉन्डो होते म्हणजे कायद्याच्या भाषेत फक्त मालकीचे तुकडे पडतात. डिक्लरेशन नावाचा दस्त नोंदवला की एका मालकाच्या जागी दोनशे मालक येतात. जमिनीच्या वापराची परवानगी त्याने बदलत नाही. शहराने त्या प्लॉटवर 'हॉटेल' मंजूर केलेलं असेल तर दोनशे मालकांचं मिळून ते हॉटेलच राहतं. इमारतीच्या नियमांतही हा फरक आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पाळल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये तात्पुरत्या मुक्कामाच्या इमारती आर-१ गटात येतात आणि कायम राहण्याच्या अपार्टमेंट आर-२ मध्ये. एका गटातून दुसऱ्यात जायचं तर जिने, आगीपासूनचं संरक्षण, पार्किंग, स्वयंपाकघर असे सगळे प्रश्न नव्याने उभे राहतात. त्यावर खर्च करण्यापेक्षा आहे तशा खोल्या विकणं डेव्हलपरला सोपं जातं. तुमच्या स्टुडिओत शेगडी आहे की नुसता मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज, हे सांगितलं नाहीत. नुसता मायक्रोवेव्ह असेल तर मला अर्धं उत्तर मिळालं.

हे बंधन कागदावर कसं दिसतं, त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. ट्रम्प सोहो नावाने २०१० मध्ये उघडलेला ४६ मजली टॉवर (२०१७ च्या शेवटी त्याचं नाव 'द डॉमिनिक' झालं) अशा भागात आहे, जिथे झोनिंगने (कुठल्या जागेवर काय चालेल ते ठरवणाऱ्या शहराच्या नियमांनी) हॉटेल चालत होतं पण निवासी इमारत चालत नव्हती. रहिवाशांनी विरोध केला. शेवटी शहराशी करार होऊन बंधनाचा दस्त नोंदवला गेला: युनिटचा मालक कोणत्याही ३६ दिवसांत २९ दिवसांपेक्षा जास्त आणि वर्षात १२० दिवसांपेक्षा जास्त राहू शकत नाही. लाखो डॉलर मोजून घेतलेल्या खोलीत मालक पाहुणा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कोस्टल कमिशन हॉटेल-कॉन्डोला परवानगी देतं तेव्हा मालकाला सहसा वर्षाला ९० दिवस आणि सलग जास्तीत जास्त २९ दिवस अशी अट घालतं. त्यामागचा विचार सरळ आहे. किनारा सगळ्यांचा, तिथल्या खोल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मोकळ्या राहायला हव्यात, चार-दोनशे लोकांची खासगी घरं होऊन नव्हे.

२९ हा आकडा सारखा का येतो, असा प्रश्न पडतो. पुष्कळ ठिकाणी ३० दिवस ही सीमा आहे. त्याच्या आतला तो पाहुणा, त्याच्या पुढचा तो रहिवासी. रहिवासी झाला की हॉटेलचा कर थांबतो, भाडेकरूचे हक्क सुरू होतात आणि झोनिंग मोडतं. म्हणून अटी लिहिणारे वकील एक दिवस अलीकडे थांबतात. फ्लोरिडात भाड्यावरच्या विक्रीकरासाठी हीच सीमा ६ महिन्यांची आहे, त्यामुळे इथे दोन वेगवेगळी कॅलेंडरं डोक्यात ठेवावी लागतात.

दुसरा थर डिक्लरेशनचा. शहराची हरकत नसली तरी असोसिएशनच्या (युनिट-मालकांच्या संघटनेच्या) दस्तातच 'प्रायमरी रेसिडेन्स म्हणून वापरता येणार नाही' असं लिहिलेलं असू शकतं. विकणारे दाखवतात ते ब्रोशर, सही होते ती या दस्तावर. तो शंभराहून जास्त पानांचा असतो आणि नेमकं वाक्य 'यूज रिस्ट्रिक्शन्स'च्या प्रकरणात दडलेलं असतं. 'ट्रान्झिएंट' (तात्पुरत्या मुक्कामाचा) हा शब्द कुठे कुठे येतो ते शोधा. व्याख्यांचं प्रकरणही सोडू नका. मी एक दस्त पाहिला, त्यात वापराच्या कलमात काहीच बंधन नव्हतं, पण 'युनिट' या शब्दाच्या व्याख्येतच 'तात्पुरत्या मुक्कामासाठीची खोली' असं घुसवलेलं होतं.

तिसरा थर हॉटेल चालवणाऱ्या कंपनीशी होणाऱ्या करारांचा. त्यात 'मालकाचे राखीव दिवस' असतात. सीझनमध्ये तुमचे दिवस आधी कळवायचे, उरलेला वेळ खोली त्यांची. हा करार ऐच्छिक आहे असं तुम्हाला सांगितलं जाईल, आणि बहुधा खरंच असेल. त्यामागे एक गमतीदार इतिहास आहे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हॉवे नावाच्या कंपनीच्या खटल्यात 'गुंतवणुकीचा करार' म्हणजे काय ते ठरवलं. ती कंपनी फ्लोरिडाच्या लेक काउंटीत संत्र्यांच्या बागांचे तुकडे विकायची, आणि गिऱ्हाइकं बरीचशी तिच्याच हॉटेलात उतरलेले पाहुणे असायचे. तो धागा पकडून एसईसीने (अमेरिकेतल्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) जानेवारी १९७३ मध्ये जाहीर केलं की कॉन्डो विकताना मालकाला वर्षातला काही काळ खोली भाड्यासाठी ठेवायची सक्ती केली, ठरावीक एजंटच नेमायला लावला किंवा त्याच्या राहण्यावर मोठं बंधन घातलं, तर तो व्यवहार घराचा राहत नाही, सिक्युरिटीचा, म्हणजे शेअरसारख्या गुंतवणुकीचा होतो. मग नोंदणी आली, प्रॉस्पेक्टस आलं. म्हणून हुशार डेव्हलपर सक्ती लिहीत नाही आणि विक्रेता 'उत्पन्न किती मिळेल' या प्रश्नावर तोंडाला कुलूप लावतो. पण शहराने घातलेलं बंधन मात्र तसंच राहतं. तेव्हा 'आमच्याकडे काहीच सक्ती नाही' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. सक्ती नसेलही, मनाई असू शकते.

आता कराकडे वळते.

'रेसिडेन्शियल कॉन्डोमिनियम' हा काउंटीच्या नोंदीतला वापराचा कोड आहे. प्रॉपर्टी अप्रेझरच्या (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसात मूल्यांकनाच्या सोयीसाठी इमारतींचे गट पाडतात, त्यातला हा एक. त्याने तुम्हाला राहायचा परवाना मिळत नाही. या कोडचा करावर किती परिणाम होतो, तेही राज्यागणिक बदलतं.

एकच खोली चार ठिकाणी ठेवून पाहा. हवाईतल्या होनोलुलुत दर वापरावर ठरतो. २०२४-२५ मध्ये निवासी गटाला दर हजार डॉलर मूल्यामागे साडेतीन डॉलर होते आणि हॉटेल-रिसॉर्ट गटाला १३.९०. पाच लाखांच्या खोलीवर निवासी कर १,७५० डॉलर, हॉटेलचा ६,९५०. मालक तिथेच कायम राहत असेल तर १ लाख २० हजारांची सूट वजा जाऊन १,३३०. म्हणजे त्याच मजल्यावर, त्याच मापाच्या दोन खोल्यांच्या बिलात पाचपट फरक. तिथे कॉन्डोचं प्रत्येक युनिट त्याच्या प्रत्यक्ष वापरावरून वर्गात टाकतात. त्यामुळे वायकीकीतल्या हॉटेलवजा इमारतीत राहणाऱ्या मालकाला आपला वापर कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. निवासी वापराशी युनिट काही वर्षांसाठी बांधून घेण्याचीही सोय आहे. पण बांधून घेऊन मध्येच पाहुण्यांना दिलं, तर मागचा फरक दंडासह भरावा लागतो.

न्यूयॉर्क शहरात करासाठी कॉन्डो घर दुसऱ्या वर्गात आणि हॉटेल चौथ्या वर्गात. इथे फसायला होतं, कारण छापील दर चौथ्या वर्गाचा कमी दिसतो: २०२४-२५ मध्ये १०.७६२ टक्के, तर दुसऱ्याचा १२.५. खरी मेख मूल्यांकनात आहे. कायद्याने निवासी कॉन्डोचं मूल्य ती भाड्याची इमारत आहे असं समजून काढतात, विक्रीच्या भावाने नाही. त्यामुळे ते बाजारभावापेक्षा पुष्कळ खाली राहतं. शिवाय मालक स्वतः तिथे राहत असेल तर कॉन्डोला करात १७.५ ते २८.१ टक्के सवलत आहे. हॉटेलच्या युनिटला ती नाही.

कॅलिफोर्नियात हा सगळा वादच जवळजवळ नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने मूळ दर खरेदी किमतीच्या एक टक्क्याला बांधला आणि मूल्याची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर अडवली, खोली हॉटेलची असो की घराची. स्वतः राहणाऱ्याला मूल्यातून ७,००० डॉलर सूट, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर. तेवढ्यासाठी कोणी खोटं बोलत नाही.

फ्लोरिडा या सगळ्यांपेक्षा निराळं आहे. एका हद्दीत सगळ्यांना दर सारखाच, घर असो, हॉटेल असो की दुकान. फरक पडतो तो फक्त होमस्टेडने, आणि तोही दोन प्रकारे. एक, मूल्यातून वजावट: पहिले २५ हजार सगळ्या करांसाठी, आणि ५० हजारांच्या वरचे आणखी सुमारे २५ हजार शाळांचा कर सोडून बाकीच्यांसाठी (हा दुसरा तुकडा २०२५ पासून महागाईबरोबर थोडा थोडा वाढतो). दोन, होमस्टेड असलेल्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला ३ टक्के किंवा महागाईचा दर, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही. बाकी मालमत्तेला ही मर्यादा १० टक्के आहे, आणि तीही शाळांच्या कराला लागू नाही.

हिशेब करू. खोलीचं मूल्य ३ लाख धरा, एकूण दर हजारी १८, त्यातले १२ शाळा सोडून. होमस्टेडशिवाय कर ५,४०० डॉलर. होमस्टेडने ४५० अधिक ३००, म्हणजे ७५० वाचले. हे १४ टक्के झाले. एजंटचा 'निम्मा' कुठून आला ते मला ठाऊक आहे. त्याने दहा-पंधरा वर्षं होमस्टेड असलेल्या कुणाचं तरी बिल पाहिलं असणार. खरा फायदा वर्षांनी साठतो. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांनी खोली ५ लाख ३७ हजारांची होईल, होमस्टेडवाल्याचं करपात्र मूल्य मात्र फार तर ४ लाख ३ हजार. त्या फरकावरचा कर वर्षाला चोवीसशेच्या आसपास. म्हणजे हे बक्षीस दीर्घकाळ राहणाऱ्याला आहे, आणि तुमच्या इमारतीत दीर्घकाळ राहायची परवानगी आहे का, हाच तर प्रश्न आहे.

याच कारणाने विकणाऱ्याच्या जुन्या बिलावर कधीही जाऊ नका. विक्री झाली की पुढच्या १ जानेवारीला दोन्ही मर्यादा सुटतात आणि मूल्य बाजारभावाला येतं. न्यू जर्सीतल्या घराची जुनी सवलत इथे आणता येत नाही. ती सोय फक्त फ्लोरिडातल्या एका होमस्टेडमधून दुसऱ्यात जाताना आहे.

होमस्टेड मिळण्यासाठी १ जानेवारीला ते तुमचं खरंखुरं, कायमचं निवासस्थान असायला हवं आणि १ मार्चपर्यंत अर्ज जायला हवा. सोबत फ्लोरिडाचं ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदार असाल तर ती नोंद. न्यू जर्सीच्या घराची विक्री लांबली आणि तिथली राहण्यावर आधारलेली कर-सवलत चालू राहिली, तर इथला अर्ज बाद होतो. तीन-चार महिने भारतात असण्याला कोणाची हरकत नाही. कायम निवास म्हणजे रोज हजेरी नव्हे. पण त्या काळात खोली भाड्याने दिली तर हरकत आहे. होमस्टेडचं घर सलग दोन वर्षं, प्रत्येक वर्षी ३० दिवसांपेक्षा जास्त भाड्याने दिलंत, तर कायद्याने होमस्टेड सोडल्यासारखं होतं. तुमच्या बेतात तीन-चार महिने हॉटेलला द्यायची आहे. म्हणजे पहिल्या वर्षी निभावेल, दुसऱ्या वर्षी संपलं.

जाता जाता, एच-१बीवर असलेल्या आपल्या मुलामुलींसाठी: तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला कायम निवासाचा हेतू धरता येत नाही, त्यामुळे त्याला स्वतःच्या नावावर होमस्टेड सहसा मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर मिळतं.

आता त्या जागेकडे येते जिथे दोन कचेऱ्यांचे कागद एकमेकांवर आपटतात. समजा, डिक्लरेशनमध्ये कायम राहायला मनाई आहे आणि तुम्ही होमस्टेडचा अर्ज केलात. अर्जात तुम्ही शपथेवर लिहून देता की हे माझं कायमचं घर आहे. अप्रेझरच्या ऑफिसने डिक्लरेशन मागितलं, आणि हॉटेल-कॉन्डो दिसलं की हल्ली ते मागतात, तर अर्ज नाकारला जायची शक्यता दाट. पण नाकारला गेला तर एक वेळ बरं. मंजूर झाला तर जास्त अवघड. काउंटीच्या नोंदी सगळ्यांना ऑनलाइन पाहता येतात. असोसिएशनला तुमच्याविरुद्ध दुसरा पुरावा शोधावाच लागत नाही. तुम्हीच सही करून दिलेला असतो.

माझ्याकडे असंच एक प्रकरण आलं होतं. फ्लोरिडाच्या मध्य भागातलं जुनं हॉटेल, खोल्या कॉन्डो करून विकलेल्या. एक गृहस्थ पाच वर्षं तिथे आनंदाने राहत होते. होमस्टेड मिळालेलं, रिसेप्शनची पोरं नावाने ओळखायची, मजल्यावर आणखी सहा-सात जण तसेच राहणारे. कोणी काही बोलत नव्हतं. मग इमारत चालवणारी कंपनी बदलली. नव्या कंपनीला भाड्याच्या खोल्या वाढवायच्या होत्या. तिने दारांच्या की-कार्डची नोंद काढली: कोण, कोणत्या दिवशी, किती वाजता आत आलं. वकिलाच्या नोटिशीला ती नोंद आणि होमस्टेडचं पान, दोन्ही जोडलेली. फ्लोरिडात असोसिएशनला एका उल्लंघनाला १०० डॉलर आणि चालू राहिलं तरी एकूण हजारापर्यंतच दंड करता येतो, त्यामुळे ते म्हणाले, भरतो हजार डॉलर. पण नोटीस दंडाची नव्हती, कोर्टाकडून मनाईहुकूम आणण्याची होती, आणि डिक्लरेशनप्रमाणे हरल्यास समोरच्याच्या वकिलाचा खर्चही यांच्याच गळ्यात पडणार होता. 'पाच वर्षं चालू दिलंत ना' हा बचाव आम्ही मांडला. डिक्लरेशनमध्ये आधीच लिहून ठेवलेलं होतं की दुर्लक्ष केलं म्हणजे हक्क सोडला असं नाही. त्यांनी खोली विकली. मी त्यांना आधी भेटले असते तर होमस्टेड घेऊच दिलं नसतं.

मुळातच हक्क नसताना घेतलेल्या होमस्टेडचा हिशेब याहून कडक आहे. काउंटी दहा वर्षं मागे जाऊन वाचलेला कर वसूल करू शकते, वर ५० टक्के दंड आणि वर्षाला १५ टक्के व्याज, आणि तेवढ्याचा बोजा मालमत्तेवर चढतो. वर्षाला साडेसातशे वाचवायला हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

खोली भाड्याने दिली की आणखी दोन कर येतात, ज्यांचा ब्रोशरमध्ये पत्ता नसतो. एक, ६ महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या भाड्यावर राज्याचा ६ टक्के विक्रीकर, शिवाय काउंटीचे सरचार्ज आणि पर्यटन कर. हॉटेल चालवणारी कंपनी तो गोळा करून भरत असेल, पण ते करारात लिहिलंय का ते पाहा. दुसरा, खोलीतल्या सामानावरचा कर. पलंग, टीव्ही, सोफा भाड्याच्या खोलीत असले की ती व्यवसायाची मालमत्ता ठरते आणि १ एप्रिलपर्यंत त्याचं विवरण द्यायचं असतं. २५ हजारांपर्यंत सूट आहे, त्यामुळे स्टुडिओला प्रत्यक्ष कर बहुधा शून्य. पण पहिलं विवरणच भरलं नाही तर सूटही हातची जाते.

रूपांतराच्या पहिल्या वर्षातला घोळ वेगळा सांगते, कारण तुम्ही नेमके त्या वर्षात घेताय. १ जानेवारीनंतर डिक्लरेशन नोंदवलं असेल तर त्या वर्षीचं बिल अख्ख्या हॉटेलच्या नावाने एकच निघतं. तुमच्या खोलीचा वाटा डेव्हलपर आपल्या पद्धतीने काढतो आणि क्लोजिंगला तुमच्याकडून घेतो. पुढच्या वर्षी खोलीचं स्वतंत्र मूल्यांकन झालं की आकडा उडी मारतो. हॉटेलचं मूल्य धंद्याच्या उत्पन्नावरून काढलेलं असतं, खोल्यांचं मूल्य विक्रीच्या भावांवरून, आणि दोनशे खोल्यांची बेरीज हॉटेलपेक्षा मोठी होते. म्हणून तर डेव्हलपर हा उद्योग करतो.

तो उडी मारलेला आकडा कमी करून घेण्याला मात्र खरंच वाव आहे, आणि हा माझ्या कामातला आवडता भाग. तुम्ही दिलेल्या किमतीत भिंतींशिवाय बरंच काही असतं: फर्निचर, पडदे, चादरी, कधी भाड्याच्या योजनेत शिरण्याचा हक्क. प्रॉपर्टी टॅक्स फक्त जमीन-बांधकामावर असतो. अप्रेझर शेजारच्या विक्रीचे आकडे जसेच्या तसे घेतो, तेव्हा हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून खरेदीच्या वेळीच सामानाची वेगळी किंमत मांडून वेगळं 'बिल ऑफ सेल' करून घ्या. किंमत खरी हवी. तीन लाखांतले एक लाख पडद्यांचे, असं कुणी ऐकून घेणार नाही. ऑगस्टमध्ये ट्रिम नोटीस (ठरवलेलं मूल्य आणि प्रस्तावित कर कळवणारी) येते. ती निघाल्यापासून २५ दिवसांत व्हॅल्यू अॅडजस्टमेंट बोर्डाकडे (मूल्याविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या मंडळाकडे) अर्ज गेला पाहिजे, आणि निकाल लागेपर्यंत कर अडवून ठेवता येत नाही. थकबाकीची तारीख उलटायच्या आत निदान ७५ टक्के भरावे लागतात, नाहीतर अर्ज फेटाळला जातो. नोव्हेंबरमध्ये भरलं तर ४ टक्के सूट, पुढे दरमहा एकेक टक्का कमी, १ एप्रिलला थकबाकी.

करापेक्षा महिन्याच्या मेन्टेनन्सने जास्त लोक बुडालेले मी पाहिलेत. हॉटेल-कॉन्डोत लॉबी, लिफ्ट, पूल, कधी छप्परसुद्धा असोसिएशनचं नसतं, 'हॉटेल लॉट'च्या (हॉटेलच्या राखून ठेवलेल्या भागाच्या) मालकाचं असतं. तो खर्च ठरवतो, तुम्ही भरता. मायामीच्या ब्रिकेल भागातल्या अशाच एका इमारतीच्या खटल्यात २०२० मध्ये अपिलीय कोर्टाने ही रचना कॉन्डो कायद्याशी विसंगत ठरवली. त्यानंतर २०२४ मध्ये अशा इमारतींसाठी कायद्यात तरतूद आली: काय कुणाच्या मालकीचं आणि खर्च कसा वाटला जातो, हे घेणाऱ्याला आधी स्पष्ट सांगायचं. ते पान मागून घ्या. त्यातच मायामीजवळच्या सर्फसाइडची गोष्ट आहे. २४ जून २०२१ ला चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही कॉन्डो इमारत कोसळून ९८ माणसं गेली, आणि त्यानंतरच्या कायद्याने तीन मजले किंवा जास्त उंचीच्या कॉन्डोंना जुन्या झाल्यावर तपासणी आणि ढाच्याच्या दुरुस्तीची राखीव रक्कम बंधनकारक केली. जुनं हॉटेल नवा रंग लावून विकलं जात असेल तर ती तपासणी झाली आहे का, हा पहिला प्रश्न.

कर्जाचं एका वाक्यात: हॉटेलसारख्या चालणाऱ्या इमारतीतलं गहाण फॅनी मे (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी मोठी संस्था) विकत घेत नाही, त्यामुळे साधी बँक कर्ज देत नाही. तुम्ही रोखीने घेताय म्हणून आज अडचण नाही. पण उद्या विकाल तेव्हा गिऱ्हाईकही रोखीवालंच शोधावं लागेल.

तेव्हा सही करण्याआधी दोन कागद हातात घ्या. पहिला, शहराच्या किंवा काउंटीच्या झोनिंग खात्याचं पत्र. प्रश्न असा विचारा: या पत्त्यावर मालकाला वर्षभर राहता येतं का, आणि मंजुरीत दिवसांची अट आहे का. लेखी विचारा, लेखीच उत्तर घ्या. फोनवरच्या 'हो'ला काही किंमत नाही. दुसरा, संपूर्ण डिक्लरेशन, दुरुस्त्यांसकट. डेव्हलपरकडून थेट घेताना फ्लोरिडात सही केल्यापासून किंवा सगळे दस्त मिळाल्यापासून, जे नंतर होईल तिथून, १५ दिवसांत करार रद्द करता येतो, आणि तो हक्क तुमच्याकडून आधी लिहून घेता येत नाही.

दोन्हींत बंधन नसेल तर खोली घ्या, होमस्टेड घ्या, पण मग भारतात असताना ती बंद ठेवा. बंधन असेल आणि ती जागा मनात भरलीच असेल, तर तिला सुट्टीची खोली समजून तेवढीच किंमत द्या, होमस्टेडचा विचार सोडा, आणि राहायला त्याच गावात साधं अपार्टमेंट भाड्याने पाहा. आणि शहराचं पत्र १५ दिवसांत आलं नाही, तर चौदाव्या दिवशी रद्द करण्याची नोटीस द्या. पत्र आल्यावर पुन्हा करार करता येईल. विकल्या न गेलेल्या खोल्या तेव्हाही असतील.